सापडला तर पंचाईत

‘फाइंडिंग बिगफूट’ नावाची एक अमेरिकन टीव्ही मालिका होती. 2011 साली सुरू झाली, 2018 साली संपली, शंभराच्या घरात भाग झाले. चौघे जण रात्री जंगलात शिरायचे, अंधारात हिरवट दिसणाऱ्या कॅमेऱ्यापुढे कुजबुजायचे, झाडाच्या बुंध्यावर दांडकं आपटायचे, बिगफूट ठोकतो म्हणतात तशी आरोळी ठोकायचे आणि मग श्वास रोखून ऐकत उभे राहायचे. लांबून काहीतरी ओरडायचं. चौघांत एक जीवशास्त्रवाल्या बाई होत्या. त्यांचं काम ‘मला नाही तसं वाटत’ असं म्हणण्याचं. उरलेल्या तिघांचं काम त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचं. पुढच्या आठवड्यात दुसरं राज्य, दुसरं जंगल, आरोळी तीच. सात वर्षांत बिगफूट काही सापडला नाही. यात ज्याला अपयश दिसतं त्याला धंदा कळलेला नाही. दुसऱ्याच भागात सापडला असता तर तिसऱ्या भागात दाखवणार काय होते?

बिगफूट म्हणजे कोण, हे आधी सांगून टाकतो. आपल्याकडे यती माहीत असतो, आणि बिगफूट हा त्याचा परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ असावा असा आपला ढोबळ समज असतो. तो फारसा चुकीचाही नाही. उंची सात ते नऊ फूट, अंगभर केस, चाल दोन पायांवर, स्वभाव बुजरा. वस्ती अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, म्हणजे उत्तर कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन. वर कॅनडात ब्रिटिश कोलंबियात गेलं की त्यालाच सास्क्वाच म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये असे रानमानव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण त्यांच्या पायाचे प्लास्टरमध्ये साचे घ्यावेत असं त्यांच्यापैकी कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही. त्याला गोरा माणूस यावा लागला.

आता समजा, हा बिगफूट खरोखरच सापडला. फोटो नाही, केस नाही, ठसा नाही. चांगला जिताजागता, ओल्या केसांचा वास मारणारा, पिंजऱ्यात बसून पत्रकारांकडे वैतागून बघणारा बिगफूट. लोकांचा त्याच्यातला रस टिकेल का? पहिले सहा महिने टिकेल, यात वाद नाही. मला काळजी आहे ती सातव्या महिन्याची.

जुन्या वाड्यातल्या गुप्तधनासारखं आहे हे. परसात आडाजवळ आजोबांच्या आजोबांनी मोहरांचा हंडा पुरून ठेवलाय, अशी नुसती वदंता असते तोवर घरातला प्रत्येक जण थोडा थोडा श्रीमंत असतो. पोरीचं लग्न अडलं, कर्ज झालं, की आडाकडे बघून निःश्वास टाकता येतो. खणलं आणि हंडा खरंच निघाला, तर पहिल्या तासात सतरा वारस उगवतात, दुसऱ्या तासात तलाठी येतो आणि गुप्तधनाचा 1878 चा कायदा अजून ठणठणीत आहे ही माहिती संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला होते. बिगफूट हा अमेरिकेने न खणलेला हंडा आहे.

आणि तो पुरला कुणी, तेही जवळपास माहीत आहे. 1958 साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, लाकूड वाहून नेण्यासाठी जंगलात रस्ता काढायचं काम चाललं होतं. जेरी क्रू नावाचा बुलडोझर चालवणारा सकाळी कामावर आला, तर यंत्राभोवती सोळा इंची अनवाणी पावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी त्याने त्या पावलाचा प्लास्टरचा साचा घेतला. तो हातात धरून उभ्या असलेल्या क्रूचा फोटो ‘हम्बोल्ट टाइम्स’ या स्थानिक दैनिकात ऑक्टोबरमध्ये छापून आला, अँड्र्यू जेन्झोली या स्तंभलेखकाने ‘बिगफूट’ हे नाव वापरलं, वृत्तसंस्थांनी बातमी उचलली आणि एका कोपऱ्यातल्या ओढ्याचं नाव देशभर झालं. रस्त्याचा ठेका रे वॉलेस नावाच्या माणसाकडे होता. हा वॉलेस थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध. 2002 साली तो वारला तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलांची एक भलीमोठी जोडी बाहेर काढली आणि जाहीर केलं, की ती पावलं बाबांची.

इतकं झाल्यावर आपण समजू की प्रकरण मिटलं. तसं काहीच झालं नाही. भक्तमंडळींचं म्हणणं पडलं, की वॉलेसची लाकडी पावलं असतील हो, पण ती त्याने खऱ्या ठशांची नक्कल करूनच बनवली असणार. याला काय उत्तर आहे? मी तर हात जोडतो. खोट्या नोटा सापडल्या म्हणजे खऱ्या नोटा कुठेतरी छापल्या जात असणारच, या युक्तिवादाला रिझर्व्ह बँकही आक्षेप घेणार नाही.

त्याच ब्लफ क्रीकवर 20 ऑक्टोबर 1967 रोजी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघे घोड्यावरून बिगफूट शोधत गेले. आणि तो त्यांना दिसला! शोधायला गेलेल्याला शोधलेली गोष्ट त्याच दौऱ्यात दिसावी, ही किमया इतर प्राणिशास्त्रज्ञांना सहसा साधत नाही. पॅटरसनने जेमतेम एक मिनिटाची फिल्म घेतली. कॅमेरा भाड्याचा होता आणि तो मुदतीत परत न केल्याबद्दल त्याच्या नावाने वॉरंटही निघालं. म्हणजे या सबंध प्रकरणात कायद्याच्या कचाट्यात कोण सापडलं, तर कॅमेरा. फिल्ममध्ये ओढ्याच्या कोरड्या पात्रातून एक केसाळ आकृती लांब लांब ढांगा टाकत जाते, मध्येच मान नव्हे तर अख्खा खांदा वळवून कॅमेऱ्याकडे बघते आणि झाडांत दिसेनाशी होते. चित्र हलतंय, आकृती लहान आहे, पण ते वळून बघणं मात्र कमाल आहे. नको असलेला पाहुणा फाटकाशी रेंगाळताना दिसला की आपली मावशी अंगणातून अशीच बघते. आकृतीला स्तन दिसतात म्हणून ती मादी ठरली आणि तिचं लाडाने ‘पॅटी’ असं बारसंही झालं.

पुढे 2004 च्या सुमारास एकाने सांगितलं, त्या सोंगात मीच होतो. दुसऱ्याने सांगितलं, ते सोंग पॅटरसनला मीच विकलं होतं. मौज अशी, की दोघांच्या तोंडून आलेलं सोंगाचं वर्णन एकमेकांशी जुळेना. एकाचं घोड्याच्या कातड्याचं, दुसऱ्याचं कृत्रिम केसांचं. खोटं पकडून देणाऱ्यांचंच खोटं पकडलं जातंय की काय अशी वेळ आली आणि बिगफूटवाल्यांची दिवाळी झाली. पॅटरसन स्वतः 1972 मध्येच कर्करोगाने गेला, शेवटपर्यंत ‘खरं आहे’ म्हणत.

या सगळ्यात सरकार गप्प बसलं म्हणावं, तर तसंही नाही. 1976 साली पीटर बर्न या शोधकाने केसांचा एक छोटा नमुना चिकटलेल्या कातडीसकट एफबीआयकडे तपासायला पाठवला. हे बर्नसाहेब तरुणपणी बंगालमध्ये चहाच्या मळ्यावर होते, नेपाळात शिकारीच्या सफरी काढायचे आणि यतीच्या मागेही बरीच वर्षं हिंडलेले. एफबीआयने खरोखर तपासणी केली. निष्कर्ष: हरीण. ही फाइल 2019 मध्ये खुली झाली, पानं बावीस. हरणाच्या चार केसांसाठी बावीस पानं कागद लागला हे वाचून मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

ओरेगनमध्ये ॲपलगेट तलावाजवळ 1974 साली बांधलेला बिगफूटचा सापळा आजही उभा आहे. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, आधाराला टेलिफोनचे खांब, वर खटक्याने पडणारं दार आणि आत आमिष. काही वर्षं तो चालू होता. त्यात सापडलं कोण? अस्वलं. पुन्हा पुन्हा अस्वलं. अस्वलांची मोफत मांसाहाराची सोय झाली, ती वगळता निष्पत्ती शून्य. आता दार कायमचं उघडं केलंय आणि माणसं आपण होऊन आत शिरून फोटो काढतात. ज्याच्यासाठी बांधला तो सोडून सगळे त्यात जाऊन आले.

तर असा हा शोध. आता ‘सापडला’ या बाजूचा हिशोब करू. जगात खरोखर सापडलेले प्राणी आहेत की. त्यांचं पुढे काय झालं?

व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या डोंगरात 1992 साली एक नवा प्राणी सापडला. साओला. पाखरू नव्हे, बेडूक नव्हे. ऐंशी-शंभर किलोचा, लांब सरळ शिंगांचा, गाईच्या गोत्रातला प्राणी. विसाव्या शतकाच्या शेवटी इतका मोठा सस्तन प्राणी शास्त्राला ठाऊक नसावा हीच केवढी गोष्ट! शिकाऱ्यांच्या घरी टांगलेल्या शिंगांवरून तो उजेडात आला. जंगलात मोकळा फिरणारा साओला आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. पाहिला तो झाडाला बांधून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी, तोही मोजक्या वेळा, शेवटचा 2013 मध्ये. म्हणजे बघा, दुर्मीळ आहे, गूढ आहे, दाट जंगलात राहतो, कुणाच्या दृष्टीस पडत नाही. बिगफूटचे सगळे गुण त्याच्यात आहेत आणि वर एक जास्तीचा, तो म्हणजे तो खरा आहे. तुम्ही त्याचं नाव याआधी ऐकलं होतं का? त्याच्या चित्राचा टीशर्ट घातलेला माणूस पाहिलात? तो जास्तीचा गुणच त्याला नडला.

सीलाकँथ माशाचं थोडं बरं झालं. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं मानलेला मासा 1938 च्या नाताळाच्या तोंडावर दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनच्या बंदरात एका ट्रॉलरच्या ढिगातून निघाला. तिथल्या वस्तुसंग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो ओळखला नाही, पण काहीतरी विलक्षण आहे हे ओळखलं आणि दीड मीटर लांबीचा तो वास मारणारा ऐवज टॅक्सीत घातला. टॅक्सीवाला कुरकुरला. (कुठल्याही देशातला टॅक्सीवाला कुरकुरेल. विज्ञानाचा इतिहास टॅक्सीवाल्यांच्या अंगाने कुणीतरी लिहायला हवा.) दुसरा नमुना मिळावा म्हणून, तो मासा ओळखणाऱ्या प्रा. स्मिथ यांनी शंभर पौंडांच्या बक्षिसाची पत्रकं वाटली आणि चौदा वर्षं जिवाचं रान केलं. 1952 मध्ये तो कोमोरो बेटांवर मिळाला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी मासा आणायला लष्करी विमान दिलं. मासा आणायला लष्करी विमान! कोमोरोचे कोळी मात्र चक्रावले, कारण हा मासा त्यांच्या जाळ्या-गळाला अधूनमधून लागतच असे आणि खायला फारसा बरा नाही म्हणून त्याला भावही नसे. पुढे 1997 मध्ये त्याचाच एक भाऊबंद इंडोनेशियातल्या मासळीबाजारात हातगाडीवरून जाताना दिसला, मधुचंद्राला गेलेल्या एका जीवशास्त्रज्ञाच्या बायकोला. या दुसऱ्याला आणायला कुणी विमान पाठवलं नाही. आज सीलाकँथ परीक्षेत दोन मार्कांना येतो.

गोरिलाचा मार्ग निराळा. 1847 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, 1861 मध्ये पॉल दु शायू हा प्रवासी लंडनला गोरिलाची कातडी आणि कवट्या घेऊन व्याख्यानं देत हिंडला आणि लंडन वेडं झालं. मग कातड्या वस्तुसंग्रहालयात गेल्या, जिवंत गोरिले पिंजऱ्यात आले, आणि हा तर पाला खातो, पोरं सांभाळतो आणि उरलेला वेळ झोपतो, हे सगळ्यांना कळलं. झालं. खऱ्या गोरिलावर भागेना, म्हणून 1933 मध्ये सिनेमाने किंग काँग काढला आणि त्याला न्यूयॉर्कमधल्या सर्वांत उंच इमारतीवर चढवला. खरा प्राणी सापडला की माणसाला तो लगेच अपुरा पडायला लागतो.

सापडूनही ज्याचं बस्तान बसलं असा मोठा प्राणी मला एकच आठवतो, तो म्हणजे पांडा. पण पांडाचं तोंड बघा. देवाने ते बहुधा खेळण्यांच्या कारखान्याला विचारून केलेलं असावं. बिगफूटच्या बाबतीत तशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. साक्षीदारांची वर्णनं वाचली तर एकमत फक्त त्याच्या दुर्गंधीवर आहे.

शिवाय सापडला की त्याच्यावर हक्क कुणाचा, हा गुंता आहेच. आजच्या घटकेला बिगफूट कुणाचाही आहे. ट्रक चालवणारा, शाळामास्तर, निवृत्त पोलीस, ज्याला वाटेल त्याने रात्री टॉर्च घेऊन जंगलात जावं आणि सकाळी तज्ज्ञ होऊन परत यावं. सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी हे बंद. प्राणी विद्यापीठाच्या ताब्यात जाईल. मग प्रबंध निघतील: बिगफूटच्या विष्ठेतील कंदमुळांचे ऋतुमानानुसार प्रमाण. बिगफूटच्या आतड्यातील जंतांचे वर्गीकरण. तीस वर्षं रात्री जागवलेला तो ट्रकवाला व्याख्यानाला शेवटच्या रांगेत बसेल आणि पंचविशीतली एक डॉक्टरीण त्याला सांगेल, की प्रश्नोत्तरांसाठी वेळ उरलेला नाही.

यातला एक माणूस मात्र दोन्हीकडचा होता. ग्रोव्हर क्रांत्झ. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात मानववंशशास्त्राचा प्राध्यापक, आणि बिगफूटवर उघड विश्वास. त्याचं म्हणणं सरळ होतं: ठसे-फिल्म काही कामाचं नाही, मढं दाखवल्याशिवाय शास्त्र ऐकणार नाही, म्हणून एक मारा. तो स्वतः बंदूक घेऊन रात्री जंगलातल्या रस्त्यांवर गाडी फिरवायचा. यावरून बिगफूटवाल्यांत उभी फूट पडली, मारावा की मारू नये. जो आहे की नाही हेच ठरलेलं नाही, त्याच्या फाशीवरून दोन तट! क्रांत्झ 2002 मध्ये गेला. देह त्याने शास्त्राला दिला होता, अट एकच, की आपल्या लाडक्या कुत्र्यांची हाडंही सोबत ठेवावीत. पुढे स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयात त्याचा सांगाडा क्लाइड नावाच्या वुल्फहाउंडच्या सांगाड्यासह मांडला गेला; मागच्या पायांवर उभा कुत्रा मालकाच्या गळ्यात पडतोय, असा. बिगफूटचा सांगाडा संग्रहालयात ठेवायचं स्वप्न पाहिलेल्या प्राध्यापकाने निदान सांगाड्याची बाजू स्वतः निभावली.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्कमेनिया परगण्याने तर या मारामारीवर आधीच कायदा करून ठेवलाय. 1969 सालच्या 1 एप्रिलला (हो, 1 एप्रिललाच) त्यांनी ठराव केला, की बिगफूटला मारणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. हेतू थोडा प्रसिद्धीचा, पण थोडा खरा: हौशे-नवशे बंदुका घेऊन झाडीत शिरत होते आणि केसाळ दिसेल त्यावर नेम धरत होते, आणि त्या काळी अमेरिकेत केसाळ तरुणांची कमतरता नव्हती. 1984 मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार मढं सापडल्यास पंचनामा करणारा अधिकारी ठरवणार, की हा माणसातला की वानरातला. माणसातला निघाला तर खुनाचा खटला. मला त्या अधिकाऱ्याची दया येते. रोजची कामं सोडून एके दिवशी त्याला डार्विनचा निकाल लावायचाय.

सिएटलच्या आसपास आता मराठी वस्ती भरपूर. माझा भाचाही तिकडे संगणकात आहे, आणि पाहुण्यांना डोंगर दाखवणं हा तिथल्या प्रत्येक मराठी घराचा कुळाचार आहे. मी गेलो तेव्हा तो मलाही घेऊन निघाला, आणि वाटेत एक दुकान लागलं. दाराशी करवतीने कोरलेला आठ फुटी लाकडी बिगफूट, हातात ‘या, बसा’ अशा अर्थाची पाटी. आत बिगफूटचे मग, मोजे, टोप्या, बाटली उघडायची पावलं, आणि गाडीत टांगायची सुगंधी बिगफूट-चकती. ज्याच्या घाणेरड्या वासाबद्दलच तेवढं एकमत आहे, त्याच्या आकाराची चकती, वास पाइनचा. मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, की उद्या हा खरंच सापडला तर? मला वाटलं, त्या म्हणतील माल दुप्पट खपेल. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “माणसातला निघाला तर चित्र छापायचे पैसे मागेल का हो?”

भाचा गाडीत म्हणाला, “मामा, या बाईंना कुठल्याही कंपनीने डोळे मिटून घ्यावं.”

पण बाईंनाही पुढचं दिसलेलं नसावं. त्याच जंगलांत ठिपकेदार घुबडाची एक जात आहे, वजन अर्धा-पाऊण किलो. 1990 साली अमेरिकन सरकारने तिला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं. जुन्या झाडांशिवाय हे घुबड जगत नाही, म्हणून जुनी झाडं तोडण्यावर बंधनं आली, आधीच डबघाईला आलेल्या लाकडाच्या गिरण्या आणखी बंद पडल्या, आणि लाकूडतोड्यांच्या गावांत गाड्यांच्या मागे ‘लाकूडतोड्या वाचवा, घुबड खा’ अशा अर्थाच्या पट्ट्या लागल्या. पाऊण किलोच्या पाखराने ही वेळ आणली. नऊ फुटी, तीनशे-चारशे किलोच्या प्राण्याला किती जंगल लागेल आणि त्यावर किती खटले चालतील, याचा अंदाज करा. बिगफूट लाकूडतोड्यांनी जन्माला घातला, त्यांच्याच रस्त्यावर तो पहिल्यांदा चालला, त्यांच्याच करवतीने त्याचे पुतळे झाले. सरकारदरबारी त्याची नोंद झाली त्या दिवशी तो त्यांचा वैरी. दाराशी ‘या, बसा’ म्हणणाऱ्या पुतळ्याचं सरपण व्हायला वेळ लागणार नाही. मला विचाराल तर रस संपण्याचं खरं कारण कंटाळा असणार नाही, वनखातं असेल.

घुबडावरून आपल्या घुबडाची गोष्ट सांगायलाच हवी. वनपिंगळा. एकोणिसाव्या शतकात या पक्ष्याचे मोजके सात नमुने गोळा झाले, शेवटचा 1884 मध्ये, आणि मग पक्षी गायब. रिचर्ड माइनर्टझहेगन या नामांकित ब्रिटिश कर्नलने आपण 1914 साली गुजरातेत मांडवीला एक मारला असं लिहून ठेवलं होतं, म्हणून भलेभले त्या बाजूला शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी छडा लावला, की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला जुनाच नमुना चोरला, पुन्हा भरून शिवला आणि त्याला आपली चिठ्ठी लावली. बिगफूटच्या राज्यात लाकडी पावलं होती, इथे चोरलेलं पाखरू. ही खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन सहकारी आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधून रिकाम्या हाताने फिरले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले. सकाळच्या उन्हात, पर्णहीन झाडावर, वनपिंगळा बसलेला. 113 वर्षांनी.

नंतर तो मेळघाटात दिसला, मुंबईच्या उंबरठ्यावर तानसा अभयारण्यातही दिसला. आज मेळघाटात पक्षिनिरीक्षकांच्या जीपा जातात. पिंगळा दिसतो. सहा लांबलचक नळ्या एकदम त्याच्याकडे वळतात, अर्धं मिनिट खटखट चालते, वहीत खूण होते, आणि मागच्या सीटवरून विचारणा होते, की नाश्त्याला कुठे थांबायचं. 113 वर्षांचं गूढ आणि अर्धं मिनिट! पक्ष्याचीही तक्रार नसावी. शहाद्याच्या एसटी स्टँडवर पिंगळ्याच्या टोप्या विकायला आल्याचं मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

सापडल्यावर रस आटतो, मग नाहीच असं सिद्ध झालं तर? त्याने तर काहीच बिघडत नाही. स्कॉटलंडच्या लॉक नेस तलावातलं पाणी न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये चाळून काढलं, त्यातल्या सगळ्या जीवांचे डीएनए तपासले. राक्षसी सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही. ईल माशांचा डीएनए मात्र भरपूर. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे: नेसी म्हणजे राक्षसी ईल असेल का? आपलं लष्करही मागे नाही. एप्रिल 2019 मध्ये भारतीय लष्कराने नेपाळातल्या मकालू शिखराच्या तळाजवळ 32 इंच लांब आणि 15 इंच रुंद पाऊल दिसल्याचं, यतीचं म्हणून, फोटोंसह जाहीर केलं. नेपाळी मंडळींनी सांगितलं, अस्वल आहे हो. फोटोंत ठसे एकापुढे एक असे एकाच रांगेत होते, त्यामुळे यती लंगडी घालत एव्हरेस्टकडे गेला की काय, यावर देशभर दोन दिवस बरं चाललं होतं.

तरीही मी बिगफूटवाल्यांना अगदीच निराश करणार नाही. त्यांनी घाबरू नये. समजा सापडला, मोजला, डीएनए झाला, नाव लॅटिनमध्ये पडलं, लाकूडतोडे कोर्टात गेले. सगळं झालं तरी पॅटरसनची ती एक मिनिटाची फिल्म शिल्लक आहेच. खऱ्या बिगफूटची उंची सात फूट निघाली आणि फिल्ममधली पॅटी साडेसहा फूट भरली, तर? प्राणी खरा, हे सगळेच मानतील. पण फिल्म खरी का? एक तट म्हणेल, आम्ही पन्नास वर्षं सांगत होतो. दुसरा म्हणेल, बिगफूट आहे हे मान्य, पण ती फिल्म सोंगाचीच. सोंग घातल्याचं सांगणारा गडी तर इरेला पेटेल, कारण आता त्याची अब्रू पणाला लागलेली; आणि सोंग विकल्याचं सांगणारा पावती शोधायला माळ्यावर चढेल. परिषदा पुन्हा भरतील, फिल्म पुन्हा एकेक चौकट थांबवून बघितली जाईल, आणि पॅटीच्या पाठीवर मधोमध बारीक रेघ दिसते की नाही यावर लोक रात्र रात्र भांडतील. यावेळी भांडायला भक्कम आधारही असेल. खऱ्या बिगफूटच्या पाठीला चेन नसते, हे तोवर शास्त्राने सिद्ध केलेलं असेल.